मायनं भाजलेल्या सिगारी

आमच्या घरात तंबाखूचा वास कोणाला कधी आला नाही. येणार कसा? जन्मल्या दिवसापासून नाकात तोच. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी नाक मुरडून म्हणायची, "तुह्या वहीले बीडीचा वास येते." मला तिचा असा राग यायचा की घरी आल्यावर मी ती वही पानापानानं हुंगून पाहायची. कागदाशिवाय कसलाच वास लागायचा नाही. मग तिच्याच नाकात काही बिघाड असेल असं ठरवून मी जेवायला बसायची.

माय बीड्या वळायची. बालाघाटच्या आमच्या गल्लीत तेव्हा बहुतेक घरी बाया मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असत. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलेली तेंदूची पानं सकाळी सोडायची, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायची, चिमटीनं तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. बाप लवकर गेलेला. दादा आणि मी, आम्ही दोघं त्या सुपावर मोठे झालो. संध्याकाळी सट्टेदार यायचा, म्हणजे कारखान्यासाठी माल घेणारा माणूस. तो प्रत्येकीच्या मालातल्या काही बीड्या खराब म्हणून बाजूला टाकायचा. मायच्या मालाला हात लावताना मात्र तो जरा जपून असायचा, कारण माय भांडायची. माझ्या नाकाच्या शेंड्यावर जो राग आहे तो तिच्याकडूनच आला आहे.

तंबाखूचा एकच शत्रू तिला ठाऊक होता, तो म्हणजे ओल. पावसाळ्यात बीडी ओल धरते, ओढताना विझते, ठेवली तर बुरशी लागते. म्हणून झड लागली की माय चुलीतली लाकडं मागं ओढायची, निखाऱ्यांवर उंच जाळी ठेवायची आणि त्या मंद आचेवर बीड्या भाजून काढायची. सतत हात फिरवत, एकही करपू न देता. "ओली बीडी म्हणजे मेली बीडी," असं ती आम्हाला सांगायची. हे काम ती माझ्यावर कधीच सोपवत नसे. तुझं ध्यान पुस्तकात असते, तू जाळशीन, म्हणायची.

दादा माझ्याहून बराच मोठा. त्यानं बीडीला हात लावला नाही, ना वळायला ना ओढायला. गोंदियाला एका हॉटेलात भांडी विसळायला लागला, तिथून नागपूर, आणि तिथून कोणाच्या तरी ओळखीनं थेट दुबई. तिथल्या बड्या हॉटेलात पडेल ते काम करता करता त्याच्या वाट्याला भलतंच काम आलं. पाहुण्यांच्या सिगारी सांभाळायच्या. काचेची एक खोली, आत देवदाराच्या फळ्या, फळ्यांवर ओळीनं निजवलेल्या सिगारी आणि त्यांचा राखणदार आमचा दादा. फोनवर तो हे सांगायचा तेव्हा मला हसू आवरत नसे. "बीडीवालीचा पोरगा अन् सिगारचा पुजारी! नैवेद्य काय दाखवतो रे तुह्या देवाले?" असं मी त्याला चिडवायची. तो चिडत नसे. लग्न त्यानं केलं नाही, घर बांधलं नाही, पण त्या सिगारींबद्दल बोलायला लागला की माणूस थांबत नसे. मायला त्यातलं काही कळायचं नाही, तरी ती कान देऊन ऐकायची. "खानदानी धंदा हाय आमचा," ती सट्टेदाराला सांगायची. "मी लहान्या वळतो, माहा पोरगा मोठ्या सांभाळते."

एका सुट्टीत तो एक पेटी घेऊन आला. जाड प्लॅस्टिकची, झाकणाला रबराची कड असलेली. हॉटेलातल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं देश सोडून जाताना आपल्याजवळच्या चांगल्यातल्या काही सिगारी त्याला दिल्या होत्या. त्या त्यानं ओढल्या नव्हत्या. त्या अजून कच्च्या आहेत, म्हणाला. मायला समजावं म्हणून तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"माय, यायले म्हातारं होऊ द्याचं. आपल्या जुन्या तांदळावानी. नव्या तांदळाचा भात कसा गिच्च होते, अन् जुन्याचा कसा मोकळा होते? सिगारचं बी तसंच हाय. जुनी झाली का तिचा ठसका जाते, अन् धुरात मोहाच्या सुकल्या फुलावानी गोडी येते. मी कायमचा वापस येईन ना, तेव्हा तुह्यासमोर बसून ओढीन."

"धूर तो धूर," मी म्हटलं. "त्यात कसली आली गोडी?"

"तुले नाही समजाचं बारके. तू मास्तरीण हाय."

पेटी उघडू नको, एवढंच त्यानं मायला बजावलं. जाताना ऑटोत बसला तरी मान बाहेर काढून तेच सांगत होता. माय हौ हौ म्हणत राहिली. तिच्या डोक्यात जुना तांदूळ तेवढा बसला होता.

तांदूळ जुना कसा करतात हे बालाघाटात लहान लेकरालाही माहीत असतं. ओल लागू द्यायची नाही, ऊन दाखवायचं, कोरड्या कोठीत ठेवायचा. मी तेव्हा लग्न होऊन लालबऱ्याला राहायची, तिथल्या शाळेत शिकवायची. मायकडं रविवारी यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. पेटीचं पुढं काय झालं ते मला फार उशिरा कळलं. त्याच पावसाळ्यात मायला झोप येईना. एवढ्या दुरून आणलेला पोराचा माल, त्याला बुरशी लागली तर? तिनं पेटी उघडली. आत, एका कोपऱ्यात, बारक्या डबीत ओला बोळा. तंबाखूच्या पेटीत पाण्यानं भिजलेला बोळा! दुसऱ्या कोणी ठेवला असता तर तिनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. पोराचा होता, म्हणून घाईत राहून गेला असेल असं समजून तिनं तो उचलला आणि नालीत फेकून दिला. मग निखाऱ्यांवर जाळी ठेवली. त्या जाड जाड सिगारी एकेक करून, हात फिरवत, भाजल्या. कोरड्या धडप्यात गुंडाळून तांदळाच्या कोठीत ठेवल्या. आणि मग दर पावसाळ्यात हेच. करायला गेली गणपती आणि झाला मारुती, पण तो मारुती तिनं वर्षानुवर्षं शेंदूर लावून पुजला.

ती दादाची शेवटची सुट्टी ठरली. आधी बढती, मग महामारी, मग कागदांची काहीतरी भानगड, आणि मग पोटातलं दुखणं आमच्यापासून लपवण्यात गेलेला काळ. तो आला तेव्हा नागपूरच्या विमानतळावर मी त्याला ओळखलं नाही. शर्टात माणूस कमी आणि हवाच जास्त होती. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं, मला बाजूला बोलावलं आणि सांगितलं, घरी न्या, आता काही पथ्य नाही, मागतील ते द्या. मी तिथंच त्यांच्याशी भांडले. डॉक्टर बिचारा माझं सगळं ऐकून घेत राहिला. त्याचा काय दोष होता?

गोंदिया मागं टाकून राजेगावचा पूल ओलांडला तेव्हा दादा गाडीत उठून बसला.

"माह्या सिगारी असतीन ना वं?"

"असतीन. मायनं जिवापाड सांभाळल्या."

"मले आता बाकी काही नाही पाह्यजे, बारके. ते एक ओढतो. जिंदगीभर दुसऱ्यायच्याच सांभाळल्या. एक आपली, पिकलेली, मायसमोर बसून." मग जरा वेळानं म्हणाला, "तुले बी देईन एक झुरका."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. त्याच्याकडं पाहिलं असतं तर मी रडले असते, आणि मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

मी शाळेतून रजा घेऊन मायकडं राहायला आले. थंडीचे दिवस होते. त्याला जरा बरं वाटत होतं अशा एका दुपारी आम्ही अंगणात खाट टाकली, पाठीशी उशा लावल्या. मायनं कोठीतून धडपा काढला. खाटेसमोर पाट मांडून बसली आणि गाठ सोडली. तिचं तोंड मी इतकं फुललेलं फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

दादानं एक सिगार उचलली आणि तिथंच थांबला. बोटांनी जरा दाबली. कानाशी नेऊन फिरवली. वाळलं पान पायाखाली यावं तसा कुरकुर आवाज मलाही ऐकू आला. चांगली सिगार कानाशी फिरवली तर गप्प असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी फक्त त्याचा चेहरा पाहिला. दिवा विझला की खोलीत काही वेळ काही दिसत नाही, तसं झालं त्याच्या डोळ्यांचं.

"माय," त्यानं विचारलं, "बोळा होता ना वं आत?"

"हौ, ओलाच राह्यला होता तो. मी फेकून देल्ला. अन् दर पानकळ्यात भाजून ठेवल्या. एकीले बुरशी नाही लागू देल्ली, पाह्य."

मी दादाकडं पाहत होते. आता हा काय बोलतो? त्यानं सिगार पुन्हा फिरवली. मग हसला.

"मंग. तुह्या हाताची भाजणी. म्हणूनच टिकल्या."

मायच्याच कात्रीनं त्यानं टोक कापलं. वरचं पान तडकून भुगा त्याच्या शालीवर पडला, तो त्यानं हळूच झटकला. पेटवली. बुडाशी ती एकदम भपकन धरली. त्यानं धूर तोंडात घेतला, डोळे मिटले, तसेच ठेवले.

"कशी हाय रे?" माय पुढं सरकली.

"मस्त हाय, माय."

"गोडी आली काय? मोहाची?"

"आली ना."

मग त्यानं माझ्याकडं पुढं केली. मी आयुष्यात कधी ओढलेलं नाही, पण त्याला नाही कशी म्हणणार? एक झुरका घेतला. तिखट, जळकी, कडू. जिभेवर कोणी जळता कोळसा ठेवून विझवल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी आलं. माय टाळ्या पिटून हसली, "मास्तरीण रडली, मास्तरीण रडली!" दादाही हसला. आणि ती सिगार त्यानं शेवटपर्यंत ओढली. अर्ध्यावर टाकली असती तर चाललं असतं, आजारी माणूस, कोणी काही म्हटलं नसतं. पण माय पाटावर बसून होती आणि प्रत्येक झुरक्यासरशी तिची नजर त्याच्या तोंडावर होती.

संध्याकाळी माय दळणाला गेली तेव्हा मी त्याला धरलं. त्यानं सगळं सांगितलं. बोळा कशासाठी होता, सिगारीला थोडी ओल कशी हवीच असते, आत कसलं तेल असतं, ते एकदा वाळलं की परत येत नाही. अगदी शांतपणे, हॉटेलातल्या पाहुण्याला समजावून सांगावं तसं.

"मी नागपूरहून दुसरी मागवतो," मी म्हटलं. "चांगली, जुनी."

"नोको."

"काहून?"

"मायले काय सांगशीन? घरच्या सोडून बाहेरची काहून?" मग माझा हात ओढून त्यानं स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "बोलाचं नाही तिले. माह्या गळ्याची शपथ."

मी त्याच्यावर खूप चिडले. आजही थोडी चिडलेलीच आहे. मरत्या माणसानं एक गोष्ट मागितली होती, एकच, आणि ती त्यानं स्वतःच सोडून दिली. वरून मलाही त्यात ओढलं.

खोटं एकदा बोलून भागत नाही. सिगार पोराला आवडली म्हटल्यावर मायला हुरूप आला. चार घास पोटात गेले, जरा टवटवी दिसली की ती कोठीकडं निघायची. "ओढतं काय रे आज?" आणि दादा हौ म्हणायचा. खाट अंगणात, उशा पाठीशी, माय पाटावर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी डोळ्यांनी पाहिला. नंतर नंतर त्याला जेवण जात नव्हतं, पाणी उलटून पडत होतं, तेव्हाही तो धूर तोंडात धरून ठेवायचा आणि मान डोलवायचा. रात्री खोकत राहायचा. एकदा मी मायला आडून सांगून पाहिलं, त्याला त्रास होतो, आता नको देऊ. ती माझ्यावरच उखडली. "एवढंच तं गोड लागून राह्यलं त्याले. ते बी बंद करू?"

होळीच्या आधी दादा गेला. वैनगंगेच्या घाटावर सगळं उरकलं. माय रडली नाही. बाया तिला रडवायला पाहत होत्या, गळ्यात पडत होत्या, ती आपली हात जोडून बसलेली. "लेकरानं शेवटी मनासारखं ओढलं," एवढंच ती ज्याला त्याला सांगायची. त्यावरच ती उभी होती. मी तिच्याजवळच राहिले. रजा संपल्यावर शाळेसाठी लालबऱ्याला जाऊन येऊन करायची.

मग अखजी आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडं गेलेल्या माणसाला पितरांत मिळवतात. पाण्यानं भरलेला मातीचा करा ठेवायचा, विस्तवावर तूप आणि घास टाकायचा, त्याला कागूर म्हणतात. माणसाला जे आवडायचं ते पानात वाढायचं. बीडी ओढणारा असेल तर बीडी पेटवून विस्तवाजवळ ठेवतात. मायनं पुरण केलं, वडे केले, आंब्याचं पन्हं केलं, आणि मग कोठीतून धडपा आणला. एकच सिगार उरली होती.

"मी पेटवतो," मी म्हटलं.

"तू काय पेटवशीन. सर."

तिनं गोवरीचा निखारा चिमट्यात धरला, सिगार ओठांत घेतली आणि ओढली. माय ओढणारी नव्हती. पण वळण्याच्या दिवसांत नवा तंबाखू आला की एक बीडी पेटवून, एक झुरका मारून तो कसा आहे ते पाहायची, तेवढं तिला यायचं. तिनं धूर तोंडात घेतला आणि तशीच राहिली. मग सोडला. परत एकदा ओढला. दुसऱ्या झुरक्याला तिच्या कपाळावर आठी आली. सिगार तोंडातून काढून तिनं ती उलटसुलट पाहिली, तडकलेल्या पानावरून अंगठा फिरवला.

"घे. ओढून पाह्य."

मी घेतली. ओढली. तीच जळकी, तीच कडू.

"कशी हाय?"

माझ्या हाताखाली अजून दादाचं डोकं होतं, त्याची शपथ होती. "चांगली हाय, माय," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तू बी?"

मी मान खाली घातली.

"साऱ्या जिंदगीभर तंबाखू हाताळला मी," माय म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण तिचा आवाज चढला नाही. "मले लिहिता येत नाही, वाचता येत नाही. हे एक येत होतं. बाकी कशाचंबी खोटं सांगतलं असतं तुमी दोघायनं तं चाललं असतं. तंबाखूचं तं खरं सांगाचं होतं."

"त्यानं शपथ घातलती, माय."

"तो बोळा पाह्यजे होता?"

"हौ."

"ओल पाह्यजे होती तिले?"

"हौ."

ती विस्तवाकडं पाहत बसली. तूप संपून नुसता धूर उठत होता. पानावर माशा बसायला लागल्या, त्या हाकलायचंही तिला सुचलं नाही. मग एकदम लहान मुलीसारख्या आवाजात तिनं विचारलं, "साऱ्याच्या साऱ्या ओढल्या वं त्यानं. लय कडू लागल्या असतीन का?"

नाही म्हणायला माझी जीभ उचलली होती. नाही माय, त्याला तुझ्या हातचं गोडच लागलं असेल, हे वाक्य अगदी तयार होतं, आणि ऐकायला कोणालाही बरं वाटलं असतं.

"हौ, माय," मी म्हटलं. "लय कडू लागल्या."

तेव्हा ती रडली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडात न कोंबता, गल्लीला ऐकू जाईल अशी. मी तिला धरून बसले आणि गप्प राहा म्हटलं नाही.